पेशींची पानगळ : १३० वर्षे दिसत राहिलेला, तरीही न ओळखलेला मृत्यू

१/
प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३० अब्ज, म्हणजे ३३ हजार कोटी पेशी मरतात आणि जवळजवळ तितक्याच नव्याने घडतात. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या दोन शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडलेला हा हिशेब आहे. वजनात सांगायचे तर रोज साधारण ८० ग्रॅम. वेळेत सांगायचे तर दर सेकंदाला सुमारे ३८ लाख पेशी.

२/
एवढे होऊनही शरीरात सूज नाही, पू नाही, ताप नाही. इतका मोठा मृत्यू इतक्या निमूटपणे कसा घडतो, हा प्रश्न खरे तर चांगला सूक्ष्मदर्शक हाती आल्याबरोबर पडायला हवा होता. मरणाऱ्या पेशी १८४२ पासून संशोधकांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांची वर्णने आणि चित्रे छापली जात होती. पण या घटनेला आज रूढ असलेले नाव मिळाले ते १९७२ मध्ये. मधल्या १३० वर्षांत ती अनेकदा सापडली आणि तितक्याच वेळा हरवली. त्याचा हा इतिहास.

३/
सुरुवात स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी होते. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडला होता. त्याची शाई वाळते न वाळते तोच कार्ल फोग्ट नावाचा पंचविशीतला निसर्गशास्त्रज्ञ एका बेडकाच्या वाढीचा अभ्यास करीत होता. या बेडकाला जर्मन भाषेत ‘सुईण बेडूक’ म्हणतात, कारण त्यातला नर अंड्यांच्या माळा स्वतःच्या मागच्या पायांना गुंडाळून वागवतो.

४/
गर्भाच्या पाठीतून आधी पृष्ठरज्जूची एक लवचिक दोरी तयार होते आणि पुढे तिच्या जागी मणक्यांचा कणा येतो. जुन्या पेशींचेच मणके बनतात, असा सर्वसाधारण समज असणे स्वाभाविक होते. फोग्ट यांना दिसले ते वेगळे होते. पृष्ठरज्जूच्या पेशी नाहीशा होत होत्या आणि मोकळ्या झालेल्या जागी नव्या पेशी येत होत्या. १८४२ साली त्यांनी हे ग्रंथात नोंदवले. जिवंत, निरोगी, वाढत्या प्राण्यात पेशी मरतात, याची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते.

५/
फोग्ट पुढे राजकारणात उतरले. १८४८ च्या क्रांतीनंतर ते फ्रँकफुर्टच्या संसदेत होते. १८६० मध्ये खुद्द कार्ल मार्क्स यांनी त्यांच्याविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. इतिहासाच्या वाचकांना फोग्ट हे नाव आठवते ते बहुधा त्या भांडणामुळे. बेडकाच्या कण्यातला शोध मात्र विस्मरणात गेला.

६/
विस्मरणाचे कारण मात्र राजकारणात शोधू नये. ते त्या काळच्या वैद्यकात सापडते. १८५८ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी पेशींच्या विकृतिशास्त्रावरील आपली प्रसिद्ध व्याख्याने दिली. रोग हा शरीरातील रसांचा बिघाड नसून पेशींचा बिघाड आहे, हा त्यांचा सिद्धांत आधुनिक वैद्यकाचा पाया ठरला. पेशींच्या मृत्यूचेही त्यांनी वर्णन केले. ‘नेक्रोसिस’ हा शब्द तेव्हापासून विकृतिशास्त्रज्ञांच्या रोजच्या भाषेत आहे. अडचण एवढीच की या मांडणीत मेलेली पेशी म्हणजे रोगाने, विषाने किंवा रक्तपुरवठा तुटल्याने मारलेली पेशी. मृत्यू हा अपघात होता. निरोगी शरीरातल्या मृत्यूसाठी या चौकटीत जागाच नव्हती.

७/
फिर्खो यांची थोरवी याने कमी होत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे शरीर येते ते रोगाचेच असते. गर्भाचा अभ्यास करणारे वेगळ्या इमारतीत बसत, वेगळी नियतकालिके वाचत. एकाच घटनेकडे पाहणाऱ्या या दोन पंथांची गाठ पडायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

८/
दुसरी संधी १८८५ मध्ये आली. कील विद्यापीठातील वाल्टर फ्लेमिंग हे पेशीविभाजनाचे चित्रकारच म्हणावेत. ‘मायटोसिस’ आणि ‘क्रोमॅटिन’ हे शब्द त्यांचेच. अंडाशयातील ज्या पुटिका पक्व न होता विरून जातात, त्यांच्या पेशी त्यांनी बारकाईने पाहिल्या. केंद्रक आक्रसते, त्यातले क्रोमॅटिन घट्ट गोळ्यांत गोठते, मग पेशीचे तुकडे होतात. फ्लेमिंग यांनी हे सारे रेखाटले आणि त्याला ‘क्रोमॅटोलिसिस’ असे नावही दिले. ती चित्रे आजच्या विद्यार्थ्यापुढे ठेवली तर तो क्षणात ओळखेल.

९/
विभाजनाचा शोध जगभर गाजला. त्याच माणसाने दाखवलेला मृत्यू मागे पडला. जन्म मोजणारे पुष्कळ निघाले, मृत्यूची नोंदवही कोणी उघडली नाही. १९१४ मध्ये लुडविग ग्रेपर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने अगदी साधा हिशेब मांडला : पेशी सतत विभागत असतील आणि अवयवाचा आकार मर्यादेत राहत असेल, तर कुठेतरी तितक्या पेशी वजा होत असल्याच पाहिजेत, फ्लेमिंग यांनी पाहिले ते हेच. हा युक्तिवाद बिनतोड होता. तरी तोही कपाटात गेला.

१०/
दरम्यान अमेरिकेत विल्यम काउन्सिलमन यांना १८९० मध्ये पीतज्वराच्या रुग्णांच्या यकृतात लहान, गोल, गडद रंग घेणारे गोळे दिसले होते. त्यांना ‘काउन्सिलमन गोळे’ म्हणू लागले. पीतज्वराच्या निदानाची खूण म्हणून ते पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. तो गोळा म्हणजे आक्रसून मेलेली एकेक यकृतपेशी आहे आणि ती मरण्याची रीत फ्लेमिंग यांच्या चित्रांसारखीच आहे, हे जुळवायला आणखी ८० वर्षे जायची होती.

११/
आता इटलीतील तुरीन. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी ज्यू प्राध्यापकांना आणि संशोधकांना विद्यापीठातून बाहेर काढले. त्यांत रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ही तरुण डॉक्टर होती आणि तिचे गुरू जुझेप्पे लेव्हीही होते. रीटा यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून शस्त्रे केली, कोंबडीची अंडी हेच प्रयोगाचे प्राणी. पुढे गुरूच शिष्येचे मदतनीस म्हणून त्या खोलीत दाखल झाले.

१२/
त्यांच्यापुढे व्हिक्टर हॅम्बर्गर यांचा १९३४ चा निबंध होता. कोंबडीच्या गर्भातून पंखाचा किंवा पायाचा अंकुर कापून टाकला, तर त्या बाजूच्या मेरुरज्जूतले चेतापेशींचे पुंजके खुरटतात, असे त्यात दाखवले होते. योगायोग असा की हॅम्बर्गरही ज्यू होते. ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत असताना १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांची फ्रायबुर्गची नोकरी काढून घेतली आणि ते तिकडेच राहिले.

१३/
हॅम्बर्गर यांचे स्पष्टीकरण असे होते : अवयव नसल्याने पेशींना चेतापेशी होण्याचे आवाहनच पोहोचत नाही, म्हणून त्या तयार होत नाहीत. तुरीनच्या खोलीत गर्भ रोजच्या रोज तपासले तेव्हा दुसरेच चित्र दिसले. चेतापेशी तयार होत होत्या, अवयवाच्या दिशेने तंतूही पाठवत होत्या आणि मग मरत होत्या. इटलीतील नियतकालिकांची दारे ज्यू लेखकांना बंद असल्याने हे काम बेल्जियममध्ये छापले गेले. बॉम्बवर्षावामुळे प्रयोगशाळा आधी खेड्यात हलली आणि १९४३ मध्ये जर्मन सैन्य आल्यावर बंदच पडली.

१४/
युद्ध संपल्यावर हॅम्बर्गर यांनी तो निबंध वाचला. आपले म्हणणे खोडणाऱ्या बाईंना त्यांनी १९४७ मध्ये सेंट लुइसला बोलावून घेतले. १९४९ मध्ये दोघांनी मिळून दाखवले की, अंकुर कापला नाही तरीही, म्हणजे पूर्णपणे निरोगी गर्भातही, ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणच्या चेतापेशी मोठ्या संख्येने मरतात. मज्जासंस्था आधी जास्तीच्या पेशी घडवते. ज्यांना पोषक संदेश मिळतो त्या टिकतात. त्या संदेशाच्या शोधातून ‘चेतावृद्धी घटक’ सापडला आणि १९८६ चे नोबेल लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना मिळाले. हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते. ते असायला हवे होते, असे अनेकांना तेव्हाही वाटले.

१५/
१९५१ मध्ये केंब्रिजचे अल्फ्रेड ग्ल्यूक्समन यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या वाढीतील पेशीमृत्यूच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या. यादी लांबलचक निघाली. गर्भविज्ञानात तरी आता मृत्यू हा अपवाद राहिला नाही.

१६/
१९६० चे दशक या कथेत घाईचे आहे. जॉन साँडर्स यांनी कोंबडीच्या पंखाच्या मागच्या कडेतला पेशींचा एक पट्टा अभ्यासला. तो नेमून दिल्यासारखा ठरल्या वेळी मरतो. तो कापून गर्भाच्या दुसऱ्या जागी लावला, तरी वेळापत्रक पाळतो; पण पंखाच्याच पाठीकडच्या बाजूला लावला तर जगतो. म्हणजे घड्याळ आत असले तरी ते शेजाऱ्यांना थांबवता येते. कोंबडीच्या पायाची बोटे सुटी असतात, कारण बोटांमधल्या पेशी मरतात. बदकाच्या पायात त्या बव्हंशी जगतात, म्हणून पडदा राहतो. माणसाच्या गर्भाचा हातही आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. गर्भावस्थेच्या सातव्या-आठव्या आठवड्यात मधल्या पेशी मरून बोटे मोकळी होतात.

१७/
हार्वर्डमध्ये रिचर्ड लॉकशिन हे कॅरल विल्यम्स यांच्या हाताखाली चिनी टसरच्या पतंगांवर काम करीत होते. कोशातून बाहेर पडण्यासाठी पतंग पोटाचे जे स्नायू वापरतो, ते काम झाल्यावर दोन दिवसांत विरघळून जातात. त्यासाठीची तयारी संप्रेरकांच्या इशाऱ्याने आधीच झालेली असते. १९६४-६५ च्या निबंधांत या दोघांनी ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’, म्हणजे नियोजित पेशीमृत्यू, हा शब्दप्रयोग केला. संगणकाच्या ‘प्रोग्रॅम’ची भाषा तेव्हा नुकतीच रुळू लागली होती.

१८/
याच टप्प्यावर मुंबईत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे काम येते. जमशेद रुस्तम टाटा हे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पॅरिस अशा वाटेने लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत पोहोचले होते. बेडकाच्या पिल्लाची शेपटी मोठेपणी नाहीशी होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. टाटांनी ती शेपटी कापून काचपात्रात जिवंत ठेवली. तिला थायरॉइडचे संप्रेरक दिले की पात्रातही ती आक्रसत जाई.

१९/
मग त्यांनी पात्रात अशी द्रव्ये घातली की ज्यांमुळे पेशीला नवा आरएनए किंवा नवी प्रथिने बनवता येत नाहीत. शेपटी आक्रसणे थांबले. १९६६ च्या या निबंधाचा अर्थ थक्क करणारा होता. पेशी मरते ती तिची यंत्रणा बंद पडल्यामुळे, हा समज इथे उलटा झाला : मरण्यासाठी पेशीला नवीन प्रथिने बनवावी लागत होती. यंत्रणा बंद पाडली तर ती जगत होती. भारतात या प्रयोगाची आठवण जितकी निघायला हवी तितकी निघत नाही.

२०/
एवढे सगळे होऊनही हे ज्ञान गर्भ, पतंग आणि बेडूक यांच्यापुरतेच राहिले. प्रौढ माणसाच्या शरीरात, रुग्णालयात येणाऱ्या रोगांत त्याचे काय? तो धागा जुळला तो लंडनमध्ये, उंदराच्या यकृतात.

२१/
ब्रिस्बेनहून आलेले जॉन केर १९६२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पीएच.डी. करू लागले. मार्गदर्शक सर रॉय कॅमेरॉन हेही मूळचे ऑस्ट्रेलियाचेच. केर यांनी उंदराच्या यकृताच्या काही खंडांकडे जाणारी शीर बांधली. पहिल्या तासांत अपेक्षेप्रमाणे पेशींचे पट्टेच्या पट्टे मेले, सूज आली : नेहमीचा नेक्रोसिस. पण खंडाच्या उरलेल्या, वरकरणी ठणठणीत भागात पुढे कित्येक दिवस वेगळेच काही चालू होते. एक पेशी इथे, एक तिथे, अशा तुरळक पेशी आक्रसून लहान गोळे होत होत्या. आजूबाजूला सूज अजिबात नव्हती. यकृताचा खंड मात्र हळूहळू लहान होत होता.

२२/
आपल्या शाळेच्या विज्ञानात पेशीतल्या लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात. त्या फुटल्या की आतली पाचक द्रव्ये पेशीलाच खाऊन टाकतात, ही कल्पना १९५० च्या दशकातील. केर हेच तपासत होते. नेक्रोसिसने मेलेल्या पेशींत लयकारिका फुटलेल्या दिसल्या. आक्रसलेल्या गोळ्यांत मात्र त्या शाबूत होत्या. म्हणजे आत्मघाती पिशवी न फुटताच पेशी मेली होती. हा बारीकसा रंग-प्रयोग १९६५ मध्ये छापला गेला. दोन वेगळे मृत्यू आहेत, याची पहिली ठोस खूण तीच.

२३/
ब्रिस्बेनला परतल्यावर केर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरला. आता चित्र स्पष्ट झाले. नेक्रोसिसमध्ये पेशी फुगते, पेशीपटल फाटते, आतला मजकूर बाहेर सांडतो आणि दाह होतो. या दुसऱ्या मृत्यूत पेशी शेजाऱ्यांपासून सुटी होते, आक्रसते, केंद्रकातले क्रोमॅटिन कडेला गोठते आणि पेशीचे पटलात नीट गुंडाळलेले तुकडे पडतात. शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सांडलवंड होत नाही. केर यांनी १९७१ मध्ये याला ‘आक्रसणारा नेक्रोसिस’ असे नाव दिले. नाव चांगले नव्हते. जे नेक्रोसिस नाही त्यालाच त्यात नेक्रोसिस म्हटले होते.

२४/
ॲबर्डीनचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक ॲलिस्टर करी ऑस्ट्रेलियाच्या भेटीवर आले असताना त्यांना केर यांचे काम समजले. त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू वायली उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत असलेच गोळे पाहत होता. पीयूषिका ग्रंथीतून येणारे संप्रेरक तोडले की ग्रंथीच्या पेशी असेच मरत, संप्रेरक टोचले की मरण थांबे. केर १९७१ मध्ये ॲबर्डीनला गेले. यकृत, अधिवृक्क ग्रंथी, गर्भ, कर्करोगाच्या गाठी; सगळीकडे एकच चेहरा दिसत होता. गर्भविज्ञानाची इमारत आणि शवविच्छेदनाची इमारत यांच्यातली भिंत इथे पडली.

२५/
नावासाठी तिघे त्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांच्याकडे गेले. कॉरमॅक यांनी एक जुना शब्द सुचवला : ‘अपोप्टोसिस’. फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पाने गळून पडणे, असा त्याचा अर्थ. मराठीत नेमका शब्द आहे : पानगळ.

२६/
उपमा किती चपखल आहे हे पाहायला दूर जायला नको. सणाला दाराशी लावलेला आंब्याचा टहाळा सुकतो, पाने करकरीत होतात, पण देठापासून सुटत नाहीत. तोडलेली फांदी अचानक मेली. पाने गाळायला तिला सवडच मिळाली नाही. उभा साग मात्र थंडी सरताना स्वतः देठाशी पेशींचा एक थर तयार करतो आणि पान सोडून देतो. पान गाळणे हे जिवंत झाडाचे काम आहे. टाटांच्या काचपात्रातल्या शेपटीनेही हेच सांगितले होते.

२७/
‘अपोप्टोसिस’ हा निबंध ऑगस्ट १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आला. पाने १९. एका तळटीपेत कॉरमॅक यांचे आभार होते आणि उच्चाराची सूचनाही : दुसरा ‘प’ उच्चारू नये, कारण पापणी लोंबण्याच्या विकाराला वैद्यकात ‘टोसिस’ म्हणतात आणि त्या शब्दातही तो ‘प’ मूकच असतो. सूचना फारशी पाळली गेली नाही. प्रयोगशाळांत आजही ‘प’सह म्हणणारे आणि ‘प’विना म्हणणारे असे दोन पक्ष आहेत.

२८/
त्याच वर्षी केर यांनी जेफ्री सर्ल यांच्यासह त्वचेच्या एका कर्करोगाचे कोडे सोडवले. ‘बेसल सेल’ प्रकारच्या गाठीत विभागणाऱ्या पेशी खंडीभर दिसतात, तरी गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते. उत्तर ग्रेपर यांच्या १९१४ च्या हिशेबातले होते : जमा भरपूर, पण खर्चही भरपूर. त्या गाठीत पेशी गळतही होत्या. गाठीची वाढ मोजायची तर जन्मासोबत मृत्यूही मोजावा लागतो, हा विचार कर्करोगाच्या अभ्यासात इथून शिरला.

२९/
आता वाटेल की जगाने टाळ्या वाजवल्या असतील. तसे झाले नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे या शब्दाची मोजक्याच लोकांनी दखल घेतली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता : हे नुसते दिसण्यावरून केलेले वर्गीकरण आहे, यामागे यंत्रणा कोणती ते दाखवा. १९८० मध्ये वायली यांनी दाखवले की मरणाऱ्या थायमस पेशींत डीएनए वाटेल तसा न तुटता साधारण १८०-२०० जोड्यांच्या पटीत कापला जातो आणि चाचणीत त्याची शिडीसारखी नक्षी उमटते. कापणारी कात्री पेशीच्या आतलीच होती. पण ती कोणाच्या हुकमाने चालते?

३०/
उत्तर एका मिलिमीटरच्या पारदर्शक जंताने दिले. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात ‘सी. एलेगन्स’ हा जंत अभ्यासासाठी निवडला होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील जॉन सल्स्टन यांनी एका अंड्यापासून पूर्ण जंतापर्यंत प्रत्येक पेशीची वंशावळ काढायचे मनावर घेतले. गर्भाच्या टप्प्यासाठी दीड वर्ष, रोज दोनदा, चार-चार तास ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. भाट-चारणांनाही हेवा वाटावा अशी ती वंशावळ १९८३ मध्ये पूर्ण झाली.

३१/
तिच्यातले आकडे पाहावेत. जंताच्या उभयलिंगी प्रकारात १०९० कायिक पेशी जन्मतात. १३१ मरतात. ९५९ उरतात. प्रत्येक जंतात तेवढ्याच, त्याच जागी, त्याच वेळी. फोग्ट यांच्या बेडकात जे अंधुकपणे दिसले होते, ते आता पेशीचे नाव-गाव घेऊन सांगता येऊ लागले. मृत्यू इतका नेमका असेल तर त्याची जनुके असणारच.

३२/
सल्स्टन यांचे सहकारी रॉबर्ट हॉर्विट्झ अमेरिकेत एमआयटीला गेले. तिथे त्यांनी आणि हिलरी एलिस यांनी १९८६ मध्ये ‘सेड-३’ आणि ‘सेड-४’ ही जनुके जाहीर केली. यांतले कोणतेही एक बिघडले की १३१ पेशी मरतच नाहीत. आणखी चकित करणारी बाब म्हणजे या जादा पेशी वागवणारा जंत प्रयोगशाळेत फारशी तक्रार न करता जगतो.

३३/
तोवर कर्करोगाच्या बाजूनेही कोणी याच दाराशी आले होते. एका लिम्फोमात गुणसूत्र १४ आणि १८ यांचे तुकडे अदलाबदल होतात. तिथे १९८४ मध्ये ‘बीसीएल-२’ हे जनुक सापडले. कर्करोगाची जनुके पेशीला विभागायला लावतात, असा तेव्हाचा अनुभव होता. मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी १९८८ मध्ये हे जनुक रक्तपेशींत घालून त्यांचे पोषक द्रव्य काढून घेतले. पेशी विभागल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. कर्करोगाकडे जाणारी एक वाट विभाजनाऐवजी मरण नाकारण्यातून जाते, हे प्रथमच असे दाखवले गेले.

३४/
१९९२ मध्ये माणसाचे हे बीसीएल-२ जनुक जंतात घातले गेले. जंताच्या मरू घातलेल्या पेशी वाचल्या. माणूस आणि जंत यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी मरणाची यंत्रणा इतकी सारखी राहिली होती की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत होता. १९९३ मध्ये जंताच्या सेड-३ सारखेच प्रथिने कापणारे विकर माणसात असल्याचे दिसले. अशा विकरांच्या कुळाला पुढे ‘कॅस्पेझ’ हे नाव मिळाले. पेशीच्या आतल्या कात्रीमागचा हुकूम या विकरांचा असतो. यानंतर निबंधांचा पूर आला.

३५/
दोन खुलासे इथे आवश्यक आहेत. शरीरात मरणारी प्रत्येक पेशी अपोप्टोसिसनेच मरते असे नाही. रोजच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा असलेल्या रक्तपेशींतच पाहा : तांबड्या पेशींना केंद्रकच नसते, सुमारे १२० दिवसांनी प्लीहा आणि यकृतातील भक्षकपेशी त्यांना गिळतात. नेक्रोसिससारखा दिसणारा पण जनुकांच्या ताब्यातला मृत्यूही आता ज्ञात आहे.

३६/
दुसरे म्हणजे, मराठीत याला ‘पेशींची आत्महत्या’ म्हणायची प्रथा पडली आहे. शब्द लक्षवेधी आहे, पण दिशाभूल करतो. तुरीनच्या चेतापेशी शेजाऱ्याचा संदेश न मिळाल्याने मेल्या, कोंबडीच्या पंखातल्या पेशी शेजाऱ्यांमुळे वाचल्या, अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींचे जगणे दूरच्या संप्रेरकावर अवलंबून होते. निर्णय एकट्या पेशीचा क्वचितच असतो. कॉरमॅक यांची पानगळ त्यापेक्षा जास्त खरी आहे.

३७/
२००२ चे नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना मिळाले. केर, वायली आणि करी यांच्यापैकी कोणी त्यात नव्हते. केर यांचा गौरव मात्र दोन वर्षे आधी, २००० मध्ये, हॉर्विट्झ यांच्याच जोडीने जर्मनीच्या पाउल एर्लिश पुरस्काराने झाला होता.

३८/
बीसीएल-२ च्या शोधाला ३२ वर्षे झाल्यावर, एप्रिल २०१६ मध्ये, ‘व्हेनेटोक्लॅक्स’ या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बीसीएल-२ चे प्रथिन पेशीला मरू देत नाही. ही गोळी त्या प्रथिनाला जखडते आणि पेशी मरू लागतात.

३९/
या रुग्णांना पूर्ण मात्रा पहिल्या दिवशी देत नाहीत. २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ती दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० वर नेतात आणि त्या काळात रक्त वारंवार तपासतात. कारण मरणे थांबवून साचलेल्या पेशी एकाच वेळी मरू लागल्या, तर त्यांच्यातून निघणारे पोटॅशियम आणि युरिक आम्ल मूत्रपिंडांना झेपत नाही.